बैल, ओझं, शर्यत आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा जवळ आला, जत्रांचा हंगाम सुरू झाला किंवा साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की आमच्याकडे बैलांविषयीचे प्रश्न यायला लागतात. आम्ही म्हणजे जनावरांच्या दवाखान्याच्या अवतीभवती वावरणारी चार माणसं. वकील नाही, साधूही नाही. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न शर्यतीवर येतात आणि सगळ्यात कमी ओझ्यावर. बैलाला विचारलं असतं तर हा क्रम उलटा झाला असता.

१. बैलाला 'हक्क' असतो का? की नुसती भूतदया?

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर माणसावर कर्तव्य आहे. बैलाला माणसासारखा मूलभूत हक्क मात्र नाही. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा मालकाला आणि जनावर ताब्यात असणाऱ्या कुणालाही सांगतो की त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नका. राज्यघटनेच्या कलम ५१-क (छ) मध्ये प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे.

मधल्या काळात न्यायालयाने एक मोठं पाऊल टाकलं होतं. जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यतींवरच्या ७ मे २०१४ च्या निकालात (प्र. ९) सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ मधल्या 'जीविता'चा अर्थ प्राण्यांपर्यंत ताणला होता. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मूलभूत हक्क प्राण्यांना लागू होतात असं मानायला नकार दिला. त्यामुळे 'बैलाचा हक्क' हा शब्द आज नैतिक अर्थाने वापरावा आणि तक्रार लिहिताना 'मालकाचं कर्तव्य' म्हणावं. पोलीस ठाण्यात दुसरा शब्द लवकर कळतो.

२. मग बैलाला कामाला जुंपणं हीच क्रूरता नाही का?

कायद्याच्या दृष्टीने नाही. काम चालतं, पण किती, कसं आणि कोणत्या अवस्थेतल्या बैलाकडून, यावर बंधनं आहेत (प्र. ३ ते ६). प्राण्याला कामाला लावूच नये असं मानणारी मंडळी आहेत, आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आमच्याकडे विचारायला येणारा माणूस बहुधा दावणीला बैल असलेला असतो. त्याच्याशी बोलताना सुरुवात जूपासून करावी लागते.

३. गाडीत किती ओझं भरता येतं? कुठे लिहिलंय का?

लिहिलंय, आणि तेही १९६५ पासून. ओढकाम आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत. दोनचाकी गाडीसाठी एका बैलामागची मर्यादा अशी: लहान बैल असेल तर साध्या चाकांना ५०० किलो, हवेच्या टायरना ७५० आणि बॉल बेअरिंग असल्यास १०००. मध्यम बैलाला याच क्रमाने ७००, १०५० आणि १४००. मोठ्या बैलाला ९००, १३५० आणि १८००. जोडी जुंपली तर आकडा दुप्पट. रस्ता लांब आणि खड्या चढणीचा असेल तर मर्यादा निम्म्यावर येते.

आता हे आकडे घेऊन गाळप हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा. मध्यम बांध्याची जोडी, टायरगाडी, मोळ्या वाढ्यांसकट आभाळाला टेकलेल्या. बॉल बेअरिंग असलं तरी २८०० किलोंच्या पुढे जाता येत नाही, आणि नसलं तर २१०० वरच थांबावं लागतं. चढाला बैल गुडघ्यावर येतो तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवत असतात.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ऊस वाहतूक हे असं काम आहे जिथे प्रत्येक खेपेचं वजन काट्यावर होतं आणि त्याची पावती निघते. शर्यतीत बैलाला शॉक दिला की नाही, यावर वर्षभर वाद घालता येतो. जादा ओझ्याचा पुरावा मात्र रोज छापून निघतो आणि फाइलला लागतो.

४. दिवसात किती तास जुंपावं? दुपारच्या उन्हाचं काय?

त्याच १९६५ च्या नियमांनुसार दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये विश्रांती न देता सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. जिथे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जातं, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात काम घ्यायचं नाही.

चंद्रपूर, अकोला, जळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत ३७ म्हणजे गार दिवस. तिथला शेतकरी पहाटे तांबडं फुटायच्या आत औत धरतो आणि दहा-अकराला सोडतो, तो काही कायदा वाचून नव्हे. अडचण असते ती विटा, वाळू आणि पाण्याच्या टाक्या ओढणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची, कारण तिथे वेळ गाडीवानाच्या हातात नसते.

५. बैलाच्या खांद्याला सूज आहे, पण पेरणी तोंडावर आहे. चार दिवस जुंपला तर चालेल का?

नाही. जखम, व्रण, आजार किंवा वय यामुळे कामाला नालायक झालेल्या जनावराकडून काम करून घेणं हा १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि इथे 'मारलं नाही' हा बचाव चालत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा सौदा तोट्याचा आहे.

खांदेसूज सुरुवातीला मऊ आणि गरम असते. तेव्हा जू काढलं, थंड पाण्याने शेकलं आणि डॉक्टरांना दाखवलं, तर बैल बहुतेक वेळा लवकर बरा होतो. त्याच सुजेवर चार दिवस औत ओढलं की कातडी फुटते नाहीतर आत कडक गाठ धरते. मग शस्त्रक्रिया करावी लागते आणि अख्खा हंगाम जातो. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण खांद्याइतकी दुसऱ्या कशाला लागू पडत नसेल.

उपचारापेक्षा कारण शोधा. दोन बैल कमी-जास्त उंचीचे आहेत का? जू खडबडीत आहे का, शिवळा कुठे टोचतात का? गाडी पुढे जड भरली आहे का? (मागे जड भरली तर ती उलार होते आणि जोतं गळ्याला फास लावतं, तेही वाईटच.) पावसात भिजलेल्या कातडीवर जू लवकर लागतं. महिनोन्महिने बसून असलेल्या बैलाला एकदम दिवसभर जुंपलं तरी खांदा येतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि तूप किंवा लोणी लावून खांदेमळणी करतात. आपल्या परंपरेत बैलासाठी केलेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट आहे असं आम्हाला वाटतं. ती वर्षातून एकदाच का, एवढंच विचारायचं आहे.

६. पराणी वापरणं बेकायदेशीर आहे? आमच्या आज्यापासून वापरतात.

नुसती काठी हातात असणं गुन्हा नाही. टोकाला आर, म्हणजे लोखंडी खिळा असलेली पराणी मात्र वरच्याच नियमांत बसत नाही. अणकुचीदार काठी, टोकदार लगाम, खिळे किंवा उंचवटे असलेलं जू, या सगळ्याला मनाई आहे. शेपूट पिरगाळणं, चावणं, डोळ्यांत किंवा गुदद्वाराजवळ काही चोळणं हे कलम ११ मधल्या मारहाण-छळाच्या व्याख्येत येतं. आज्याच्या काळी आर होती हे खरं, पण आज्या बैलाला नावाने हाक मारून वळवायचा हेही खरं.

७. वेसण घालणं क्रूर आहे का? नुसत्या म्होरकीवर, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीवर, भागतं का?

विहित पद्धतीने वेसण घालणं कायद्याने गुन्ह्यातून वगळलं आहे (कलम ११, पोटकलम ३). वासरापासून हाताळलेला, शांत बैल म्होरकीवर सहज चालतो, तापट खोंडाला कठीण जातं. वेसण ठेवायचीच असेल तर सुती आणि मऊ ठेवा. नायलॉनची दोरी नाकाचा पडदा करवतीसारखी कापते. कासरा वेसणीला बांधून बैल झाडाला बांधू नका. तो बिथरला तर नाकच फाटतं.

८. खच्चीकरण घरीच केलं तर?

करू नका. दगडावर ठेचून वा बडवून खच्ची करण्याची जुनी रीत म्हणजे निव्वळ यातना, आणि कायद्याने वगळलं आहे ते विहित पद्धतीने केलेलं खच्चीकरण. सरकारी दवाखान्यात पशुवैद्यक बर्डिझो चिमट्याने हे काम करतात, त्यात जखम उघडी राहत नाही. वासराचं वय जितकं कमी तितका त्रास कमी.

९. बैलगाडा शर्यत आता कायदेशीर आहे की नाही? एकदाच काय ते सांगा.

महाराष्ट्रात आहे, पण अटींवर. 'एकदाच काय ते' सांगायला मात्र थोडा इतिहास लागतो.

११ जुलै २०११ ला केंद्राने बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. त्या यादीत आधीपासून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतलं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती दोन्ही बंद केल्या. २०१७ मध्ये तामिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्र विधिमंडळानेही केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली. १८ मे २०२३ ला घटनापीठाने तामिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

'न्यायालयाने शर्यतीला परवानगी दिली' असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं आहे. नियम पाळून होणारी शर्यत कायदेशीर आहे. नियम मोडले की २०१४ चा निकाल जिथे होता तिथेच आपण परत जातो, कारण क्रूरतेची मूळ कलमं कुठेही गेलेली नाहीत.

१०. कोणकोणते नियम? आमच्या गावच्या घाटात (शर्यतीच्या धावपट्टीवर) बॅटरी वापरतात असं ऐकलंय.

जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, पशुवैद्यकाकडून बैलाची तपासणी, धावपट्टी जास्तीत जास्त १००० मीटर. गाडीवानाच्या हातात काठी, चाबूक, पराणी, शॉक देणारी बॅटरी यांपैकी काहीही नको. उत्तेजक द्रव्यं नकोत. चित्रीकरण हवं. राज्याच्या दुरुस्तीनुसार बैलाला यातना दिल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ कायद्यातल्या दंडाशी (प्र. १६) ताडून बघा, म्हणजे फरक कळेल.

बॅटरी मुठीत मावते, म्हणून ती दिसत नाही. दिसतं ते बैलाचं वागणं: सुटण्याआधीच तो अंग चोरतो, हात मागे येताच कंबर खाली घालतो. व्हिडिओ काढताना गाडीवानाचा चेहरा नको, त्याचे हात आणि बैलाचा मागचा भाग टिपा.

शर्यतवाल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. शर्यतीचा खिल्लार जातीचा बैल हा बहुतेक गावांतला सगळ्यात चांगलं खाणारा बैल असतो. त्याला रोज चोळतात, पोहायला नेतात, त्याच्या आजारपणात मालक रात्रभर जागतो. बंदीच्या काळात खिल्लार खोंडांना गिऱ्हाईक उरलं नाही, ही सांगली-सोलापूरकडच्या पशुपालकांची तक्रार खोटी नव्हती. पण जो माणूस बैलाला पोटच्या पोरासारखा वाढवतो, त्याला शेवटच्या शंभर मीटरसाठी बॅटरी कशाला लागते, याचं उत्तर आम्हाला अजून कुणी दिलेलं नाही.

११. गोव्यातली धीरयो, किंवा दोन बैलांची झुंज, यालाही ही परवानगी लागू होते का?

नाही. राज्याची दुरुस्ती धावण्याच्या शर्यतीपुरती आहे. करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणं कलम ११ खाली गुन्हाच आहे. धीरयोवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ मध्ये बंदी घातली. चोरून झुंजी होतात हे सगळ्यांना माहीत आहे. झुंजीचं आयोजन हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांना थेट कारवाई करता येते (प्र. १५ बघा). विदर्भातला शंकरपट हा मात्र धावण्याचाच प्रकार असल्याने त्याला प्र. १० मधले नियम लागू.

१२. पोळ्याला, बेंदराला बैल सजवतो. त्यात काय चुकतं?

सजवण्यात काही नाही. चुकतं ते शिंगं साळण्यात, ऑइलपेंट चोपडण्यात आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे बैल उभा करण्यात. शिंग नखासारखं निर्जीव नसतं, आत रक्तपुरवठा असलेला गाभा असतो. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो आणि शिंगाला सतत होणारी इजा हे त्याचं एक संशयित कारण मानलं जातं. गेरू-हिंगूळ पुरे. पोट फुगेपर्यंत पुरणपोळ्या चारणंही टाळा. बैल रवंथ करणारा आहे, एकदम पोटात गेलेलं गोड आणि पिठूळ त्याला आम्लता करतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रांग असते, ती उगाच नाही.

१३. बैल टेम्पोने बाजारात न्यायचे आहेत. किती भरता येतात?

मालट्रकमध्ये जास्तीत जास्त ६ मोठी जनावरं. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, सोबत माणूस, पाणी आणि वैरण हवी. गाडीत दुसरा माल नको. शक्यतो तोंडं इंजिनाकडे करून उभी करा. छोट्या टेम्पोत सहा कोंबायची परवानगी आहे असा याचा अर्थ नाही. साथीच्या काळात वेगळे आदेश निघतात. २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यात गुरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यतीही बंद केल्या होत्या.

१४. बैल म्हातारा झाला. विकता येत नाही, पोसवत नाही. सोडून दिला तर?

सोडून देणं हा गुन्हा आहे (पुन्हा कलम ११). कत्तलीसाठी विकणं हा त्याहून मोठा गुन्हा: २०१५ पासून महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात गायीबरोबर वळू आणि बैलही आले आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे. म्हणजे मालकापुढे उरतं काय? मरेपर्यंत पोसणं किंवा गोशाळा.

इथे आम्ही शेतकऱ्याला उपदेश करत नाही. दुष्काळी तालुक्यात काम न करणाऱ्या बैलाची वैरण म्हणजे घरातलं आणखी एक तोंड. कायदा करणाऱ्यांनी वैरणीची सोय त्याच ताकदीने केली नाही. रात्री अनोळखी गावाच्या वेशीवर सोडलेला बैल मात्र उपाशी मरतो, प्लास्टिक खातो किंवा हायवेवर मोटारीखाली येतो. गोशाळा निवडताना आधी तिथल्या बैलांची पाठ आणि खुर बघून या, पाटी बघून नको.

१५. क्रूरता दिसली तर तक्रार कुठे, कशी करायची?

जनावर जखमी असेल तर आधी १९६२ वर फोन. हा पशुसंवर्धन खात्याचा फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार त्यानंतर.

पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. प्रत पशुसंवर्धन उपायुक्तांना आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला. तारीख, वेळ, जागा, जनावराचं वर्णन, फोटो. मारहाण, जादा ओझं, उपाशी ठेवणं हे कलम ११ खालचे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणून ठाणे अंमलदार 'एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो' म्हणतो तेव्हा तो नेहमीच टाळत असतो असं नाही. झुंजीचं आयोजन (प्र. ११) दखलपात्र आहे. जनावर मारलं, विष घातलं किंवा कायमचं जायबंदी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, शिक्षा ५ वर्षांपर्यंत, आणि तेही दखलपात्र. यात एक मेख आहे. ते कलम नुकसानीच्या गुन्ह्यांमधलं आहे, त्यामुळे मालकाने स्वतःच्याच बैलाला जायबंदी केलं असेल तर ते लावून घेणं अवघड जातं.

सगळ्यात जास्त तक्रारी कशात बुडतात ते ऐका: १९६० च्या कायद्याखालचा खटला गुन्ह्यापासून ३ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. 'बघू नंतर' म्हणालात की संपलं.

१६. दंड पन्नास रुपये असतो म्हणे. मग तक्रार करून उपयोग काय?

खरंय. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चहा-वडापावच्या पैशात सुटका. तरी उपयोग असतो, कारण पहिली नोंद असल्याशिवाय दुसरा गुन्हा 'दुसरा' ठरत नाही. शिवाय जनावर तपासणीसाठी ताब्यात घेण्याचा आणि उपचारासाठी पाठवण्याचा अधिकार याच कायद्यात आहे. बैल दोन आठवडे जूखालून सुटला तर आमच्या लेखी तो पन्नास रुपयांपेक्षा मोठा निकाल आहे.

१७. ऊसतोड मजूर आधीच नाडलेला आहे. त्याच्याविरुद्ध तक्रार करायला मन धजत नाही.

आमचंही धजत नाही, आणि धजूही नये. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, टनावर मिळणारा पैसा, पाचटाच्या कोपीत थंडी काढणारं कुटुंब. खेप जड भरली तरच चार पैसे सुटतात. त्याच्यावर ५० रुपयांची केस टाकून बैलाच्या मानेवरचा एक किलोही कमी होत नाही.

पण १९६५ च्या नियमातले शब्द बघा: जादा ओझ्यासाठी जनावर 'वापरणारा' आणि 'वापरायला लावणारा', दोघांनाही मनाई आहे. टायरगाडी अनेकदा कारखान्याची असते, काटा कारखान्याचा असतो. आमच्या वाचनाप्रमाणे जबाबदारी कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथपर्यंत, जाते. तेव्हा तक्रार करायची तर काट्यावरच्या मर्यादेसाठी करा. ठरावीक वजनावरची गाडी घेणारच नाही असं कारखान्याने म्हटलं, तर सगळ्याच टोळ्या हलक्या खेपा भरतील आणि एकट्याचं नुकसान होणार नाही. दर मात्र त्या हिशोबाने वाढवावा लागेल. साधे उपायही आहेत. २०२२ मध्ये इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी गाडीच्या पुढच्या बाजूला टेकू देणारं एक जादा चाक बसवून बैलांच्या मानेवरचा भार कमी करून दाखवला होता.

१८. रस्त्यात गाडी थांबवून गाडीवानाशी बोलायचं तर काय बोलू? मागच्या वेळी भांडण झालं.

मोबाइल खिशात ठेवा. 'दादा, जोडी कुठली? खिल्लार का?' असं विचारा. गाव विचारा, बैलांची नावं विचारा. मग 'ह्या उजव्याचा खांदा आलाय का हो?' म्हणा. बहुतेक वेळा तोच जू उचलून दाखवतो आणि काय लावू म्हणून विचारतो. तेव्हा प्र. ५ मधलं सांगा आणि १९६२ नंबर त्याच्या फोनमध्ये घालून द्या. गाडी चढावर असेल तर यातलं काही बोलू नका, आधी मागून हात लावा.